धुराच्या नळाची साक्ष

काही वर्षांपूर्वीची, जानेवारीतली गोष्ट. वारज्यातल्या एका शाळेची सहल मुळशीला निघाली होती. धरण, पाणलोट वगैरे मुलांना समजावून सांगायला कोणीतरी हवे म्हणून शाळेतल्या बाईंनी शेजारधर्माने मलाही बरोबर घेतले. पेट्रोलवर चालणाऱ्या तीन जुन्या व्हॅन भाड्याने ठरवल्या होत्या. थंडी असल्याने काचा बंद. चांदणी चौकात पुलाचे काम चालू होते, तिथे आम्ही अर्धा-पाऊण तास अडकलो. भूगाव मागे पडले तेव्हा आमच्या व्हॅनमधल्या मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, डोकं दुखतंय." मग दुसरा. तिसऱ्याला उलटी झाली. चालकाने आरशातून पाहिले आणि म्हटले, "पोरांना सवय नसते सर. गाडी लागते."

मला ते पटले. ज्वलनाच्या रसायनशास्त्रावर ज्याने प्रबंध लिहिला आहे त्या माणसाला ते पटले, हे आज लिहितानाही ओशाळल्यासारखे होते. पिरंगुटला चहासाठी थांबलो तेव्हा बाईच म्हणाल्या, "अहो सर, मला आयुष्यात कधी गाडी लागली नाही, आणि माझंही डोकं ठणकतंय." बाई मागच्याच बाकावर बसल्या होत्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या बाकावर कोणालाच त्रास नव्हता. इतर दोन व्हॅनमध्ये कोणालाच नव्हता. आणि मुख्य म्हणजे, आठवून पाहता मुलांचे डोके दुखायला सुरुवात झाली ती वळणांवर नव्हे, चांदणी चौकात गाडी उभी असताना. उभ्या गाडीत गाडी कशी लागेल?

रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी गाडीखाली डोके घातले आणि लगेच बाहेर काढले. सायलेन्सरच्या अलीकडच्या जोडाचे गॅस्केट फुटले होते. त्या जागी नळावर काजळीचा काळा पंखा उमटला होता. बरोबर वर, पत्र्यातल्या एका भोकाचे रबरी बूच नाहीसे झालेले. चालकाला विचारले तर म्हणाला, "आठ दिवस फस-फस आवाज येत होता खरा." मुलांना तासभर मोकळ्या हवेत बसवले, डॉक्टरांना दाखवले. संध्याकाळपर्यंत सगळी ठीक झाली. सहल पिरंगुटलाच संपली.

त्या दिवशी साक्षीपुरावा भरपूर होता. आवाज होता, काजळी होती, डोकेदुखी होती. वाचणारा नव्हता. ही साक्ष वाचायला माणूस कसकसा शिकला याचा इतिहास मी त्यानंतर जमवू लागलो. तो बराचसा डोळे, कान आणि नाक यांचाच इतिहास आहे.

सुरुवात डोळ्यांनी झाली, आणि ती मोटारीच्या आधी. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या गिरण्यांच्या धुराड्यांविरुद्ध तक्रारी होत, पण एकाला जो धूर ‘काळाकुट्ट’ वाटे तो मालकाला ‘जरासा’ वाटे. मॅक्सिमिलियाँ रिंगलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने १८८८ च्या सुमारास यावर एक विलक्षण साधा तोडगा काढला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या छापायच्या. पहिल्या जाळीत २० टक्के कागद काळा, दुसऱ्या जाळीत ४० टक्के, असे करत पाचवा कागद पूर्ण काळा. कागद दूर टांगला की रेघा वेगळ्या दिसत नाहीत, नुसती करडी छटा दिसते. धुराड्यातल्या धुराशी ती छटा ताडून पाहायची आणि क्रमांक लिहायचा. धुराला अंक मिळाला! (हेच रिंगलमान रस्सीखेचीच्या प्रयोगासाठीही ओळखले जातात. दोरी ओढणारी माणसे वाढली की प्रत्येक जण आपला जोर थोडा कमी लावतो, हे त्यांनी मोजून दाखवले. गटकार्य देणाऱ्या शिक्षकांना याचे नवल वाटणार नाही.) वर्गात आलेखाचा कागद आणि काळी शाई घेऊन असे पाच तक्ते तासाभरात बनतात.

आपल्याकडेही धुराचे कायदे मोटारींच्या नव्हे, गिरण्यांच्या निमित्ताने आले. बंगालचा १९०५ मध्ये, मुंबईचा १९१२ मध्ये. १९१४ मध्ये देशाचा पहिला मोटार वाहन कायदा झाला तेव्हा मोटारीच्या धुराची फारशी कोणाला फिकीर नव्हती. घोड्यांच्या लिदीपेक्षा तो बरा, असाच तेव्हाचा जगभरचा समज होता.

वाहनाच्या धुरात मात्र छटेबरोबर रंगही बोलतो, आणि इथे वारज्याच्या रहिवाशाला घरबसल्या प्रयोगशाळा मिळते. मुंबई-बंगळूर महामार्ग वारज्याजवळ मुठा नदी ओलांडतो आणि चांदणी चौकाकडे चढू लागतो. या चढावर भरलेला जुना ट्रक काळा धूर ओकतो. चालकाने पायाखाली डिझेल जास्त सोडले, पण ते जाळायला पुरेशी हवा नाही. जळायचा राहिलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. हवेची जाळी तुंबली, डिझेल फवारणारे तोंड झिजले, तर हाच काळा धूर सपाटीवरही दिसतो.

निळा धूर म्हणजे जळते आहे ते इंजिन ऑइल. हा धूर खरे तर तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांचे धुके असते. थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान, त्यामुळे ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. जॉन टिंडल यांनी १८६९ मध्ये नळीत असेच धुके करून आकाशाच्या निळाईचा माग काढला होता. गडद झाडीच्या पार्श्वभूमीवर निळा दिसणारा तोच धूर उजळ आकाशासमोर तपकिरी-पिवळट दिसतो, कारण आता आपल्यापर्यंत पोचतो तो निळा वजा झालेला प्रकाश. उड्डाणपुलाखाली उभे राहून आणि पुलावर उभे राहून एकच रिक्षा पाहिली तर हे पडताळता येते.

पांढऱ्या धुराबद्दल गैरसमज फार. थंडीच्या सकाळी नळातून पांढरी वाफ येते, थेंब टपकतात, आणि लोक घाबरून गॅरेज गाठतात. एक लिटर पेट्रोल जळाले की एक लिटरहून किंचित जास्त पाणी तयार होते! शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर करावे. लिटरचे वजन सुमारे ७४० ग्रॅम. ते सारे ऑक्टेन धरले तर दर ११४ ग्रॅमला १६२ ग्रॅम पाणी, म्हणजे सुमारे १०५० ग्रॅम. पेट्रोलमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ते बनते. तेव्हा पाच मिनिटांत विरणारी वाफ ही निरोगी ज्वलनाची खूण आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास आला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर मात्र थंड ठेवणारे पाणी सिलिंडरमध्ये झिरपते आहे.

याच पाण्यामुळे सायलेन्सर आतून गंजतो. दूरवर धावणाऱ्या गाडीचा नळ तापतो आणि पाणी उडून जाते. घर ते शाळा दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीचा नळ कधी पुरता तापतच नाही. पाणी आत साचते, धुरातली आम्ले त्यात विरघळतात, आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या सायलेन्सरला आतून भोक पडते. कमी चालवलेली गाडी चांगली राहते असे समजणाऱ्या माझ्या शिक्षकमित्रांना हे सहसा आवडत नाही.

आता पुण्याचा विषय निघाल्यावर दोन-स्ट्रोक इंजिनाला टाळून कसे चालेल? ब्रिटिश अभियंते डुगाल्ड क्लार्क यांनी १८८१ मध्ये आणि जोसेफ डे यांनी १८८९ च्या सुमारास या इंजिनाला रूप दिले. झडपा नाहीत, भाग कमी, किंमत कमी. बजाज ऑटोने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर स्कूटर बनवायला घेतली. १९७२ मध्ये चेतक आली, आणि त्याच वर्षी कायनेटिकची लूना. पुण्याचा मध्यमवर्ग सायकलवरून उतरला तो या दोघींवर. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे असल्याने निळा धूर हा या इंजिनाचा रोग नव्हता, स्वभाव होता. शिवाय जळलेला वायू बाहेर आणि ताजे मिश्रण आत, हे एकाच वेळी घडत असल्याने पेट्रोलचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून बराच जास्त, न जळताच नळातून निघून जाई. पेठेतल्या अरुंद बोळात सकाळी दहा वाजता येणारा तो वास माझ्या पिढीला अजून आठवतो.

या इंजिनात धुराचा नळ हा इंजिनाचाच अर्धा भाग असतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे ताडले. नळाला विशिष्ट फुगवटा दिला तर बाहेर पडणारा दाबाचा तरंग टोकाला आपटून परततो आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणजे नळ बिघडला की शक्तीच गेली. आपल्या स्कूटरवाल्यांना तरंगांचे गणित ठाऊक नव्हते, पण लक्षण पक्के ठाऊक होते. चढावर गाडी ‘ओढेना’ झाली, मागे बसलेल्याला उतरून चालावे लागू लागले, की निदान ठरलेले असे: सायलेन्सर कार्बनने तुंबला. मग तो उतरवून कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, नाहीतर भट्टीत लाल करून आतला कार्बन जाळायचा. ‘सायलेन्सर जाळून आणला’ हे वाक्य तेव्हा घराघरात होते.

आता कानाकडे वळू. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रीव्हज बंधूंनी १८९७ मध्ये इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याचे पेटंट घेतले. त्या काळी मोटारीच्या आवाजाने रस्त्यावरचे घोडे बुजत, ही खरी अडचण होती. बंदुकीच्या सायलेन्सरचे १९०९ चे पेटंट घेणारे हायरम पर्सी मॅक्सिम हेही मोटारींचेच अभियंता. दोन्हीमागचे तत्त्व एकच. दाबाखालचा वायू एकदम हवेत सोडला की फटका बसतो. त्याला आधी मोठ्या पोकळीत पसरू दिले, आडपडद्यांतून फिरवले, की फटक्याचे फुत्कार होतात. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही सायलेन्सरचे वर्णन ‘प्रसरण कक्ष’ या तत्त्वावरच केलेले आहे. सुरुवातीच्या मोटारींत चालकाला हवे तेव्हा सायलेन्सर वगळून धूर थेट सोडण्याची कळ असे. ‘जोर वाढतो’ हा दावा. खरा हेतू बहुधा शेजाऱ्यांना ऐकवणे. अनेक शहरांनी पुढे तिच्यावर बंदी आणली. आज बुलेटला ‘फटाका’ नळ बसवणाऱ्या मुलांना आपण काही नवे करतो असे वाटते. त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचा हा खटाटोप वाचावा. जप्त केलेले असे नळ पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे अधूनमधून वर्तमानपत्रात येतात.

सराईत कान बरेच सांगतो. थंड इंजिनात टिक-टिक येऊन तापल्यावर थांबली, तर इंजिनालगतचा जोड सुटला आहे. धातू प्रसरण पावल्यावर फट बुजते. वेग सोडताना नळात फट्-फट् झाले, तर कुठल्यातरी भोकातून हवा आत शिरून उरलेले पेट्रोल नळात पेटते आहे. आणि फस-फस म्हणजे आमची व्हॅन.

डोळे आणि कान यांच्या मानाने नाक मात्र दगा देते. धुरातला सर्वांत घातक वायू, कार्बन मोनॉक्साइड, याला ना रंग ना वास. क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८५० च्या दशकात दाखवले, की हा वायू रक्तातल्या तांबड्या पेशींतून ऑक्सिजनला हुसकून त्याची जागा घेतो. इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९० च्या दशकात खाणीतल्या स्फोटांनंतर मेलेल्या कामगारांची तपासणी केली. बरेच जण भाजून नव्हे, तर या वायूने गेले होते. मग हाल्डेन यांनी स्वतः हा वायू हुंगून, ठरावीक वेळाने आपल्या रक्ताचा थेंब तपासत, लक्षणांची नोंद ठेवली. खाणीत लहान प्राणी न्यावेत ही त्यांचीच सूचना; छोट्या जिवाचा श्वास जलद, म्हणून त्याला बाधा आधी. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. हवेच्या दहा लाख भागांत दोनशे भाग असले तरी दोन-तीन तासांत डोके दुखू लागते, मळमळते. मोकळ्या हवेत रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. हाल्डेन यांचे लहान प्राणी आठवले की लक्षात येते, पिरंगुटला मुले आधी का बोलली आणि बाई नंतर का. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो. त्या मागच्या बाकावर खाणीतल्या पक्ष्यांचे काम आमच्या विद्यार्थ्यांनी केले, आणि आम्ही त्यांना लिमलेटच्या गोळ्या दिल्या.

नाकाला जे जमत नाही ते यंत्राने करायचे, हा इतिहासाचा पुढचा टप्पा. कार्बन मोनॉक्साइड ठरावीक तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषतो. जर्मनीत लुफ्ट आणि लेरर यांनी १९३८ मध्ये या गुणावर वायुमापक बनवला. आज पेट्रोलपंपाशेजारी पीयूसीच्या गाडीत जे यंत्र दिसते ते त्याच कुळातले. आपल्याकडे १९८९ च्या नियमांनी पहिल्यांदा मर्यादा घातल्या: इंजिन जागेवर चालू असताना दुचाकी-तीनचाकीला ४.५ टक्के, पेट्रोलच्या चारचाकीला ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड. डिझेलच्या धुराचा काळेपणा प्रकाश किती अडतो यावरून मोजायचा, म्हणजे रिंगलमानच्या तक्त्याचेच विजेवर चालणारे रूप. वाहनांना मान्यता देणारी चाचणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासूनची, आणि ती आमच्या वारज्यापासून फार लांब नाही, वेताळ टेकडीवर आहे.

मात्र यंत्रालाही फसवता येते. नळाला भोक असेल तर त्यातून हवा आत ओढली जाऊन धूर पातळ होतो आणि टोकाशी आकडा कमी दिसतो. म्हणून मापनापूर्वी नळ गळत नाही हे पाहायचे असते. आमच्या व्हॅनचे पीयूसी प्रमाणपत्र मुदतीतले होते. मी पाहिले होते. सहलीला निघताना पाहून समाधानही मानले होते.

यानंतर एकाच लक्षणाचा अर्थ बदलत गेला, आणि मला या इतिहासातला हा भाग सर्वांत रोचक वाटतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे मूळ मोटारींच्या धुरात आहे हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवले. त्याच सुमारास यूजीन हूड्री यांनी धूर उत्प्रेरकावरून नेऊन निर्धोक करण्याची युक्ती काढली, पण पेट्रोलमधले शिसे त्या उत्प्रेरकाला निकामी करी. हे शिसे १९२० च्या दशकापासून इंजिनाची ठकठक थांबवण्यासाठी घातले जात होते. म्हणून उत्प्रेरक आणि शिसेविरहित पेट्रोल एकत्रच आले, अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून, आपल्या चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून. २००० मध्ये शिसे देशभरातून गेले. भारत स्टेज मानके एकेक पायरी चढत १ एप्रिल २०२० ला सहाव्या पायरीवर पोचली.

आता निळा धूर म्हणजे नुसता ऑइलचा खर्च नाही. ऑइलमधली द्रव्ये महागड्या उत्प्रेरकावर बसून त्याला मारतात. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसेल तर पूर्वी गाडी नुसती धक्के खाई. आज न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकात जाऊन पेटते आणि आतले चिनीमातीचे मधाचे पोळे वितळवते. मग गाडीखाली खडखड ऐकू येते, आणि तुंबलेल्या चेतकप्रमाणेच नवी कोरी मोटार चढावर ओढेनाशी होते. सडक्या अंड्यांचा वास आला तर उत्प्रेरकात गंधकाचे हायड्रोजन सल्फाइड होते आहे. डिझेलच्या नव्या गाडीत काजळीची गाळणी असते; ती भरली की सुमारे ६०० अंशांना जाळून साफ व्हावी लागते, आणि शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीत ते साधत नाही. सायलेन्सर भट्टीत जाळून आणण्याचेच काम आता गाडी स्वतः करू पाहते, म्हणायचे. चालकाला यातले काही दिसत नाही. समोर पिवळा दिवा लागतो. तो दिवा महिनोन्‌महिने लागलेला पाहूनही निश्चिंत असणारे सुशिक्षित लोक मला ठाऊक आहेत. २०२० मध्ये चेतक हे नाव परत आले ते विजेवरच्या स्कूटरला, तिला तर धुराचा नळच नाही. पण शाळांच्या जुन्या व्हॅन अजून बरीच वर्षे धावणार आहेत.

पिरंगुटच्या मिस्त्रींकडे यंत्र नव्हते. त्यांनी नवे गॅस्केट बसवले, इंजिन चालू केले, चिंधीचा ओला बोळा हातावर जाड गुंडाळला आणि नळाच्या तोंडाशी क्षणभर दाबून धरला. "कुठं गळत असंल तर तिथनं वारं निघतं, आन् गाडी चालूच राहती," ते म्हणाले. मुले थोडी लांब उभी राहून पाहत होती. बोळा हातात फुगल्यासारखा झाला, इंजिनाचा आवाज जड झाला आणि तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला गाडी बंद पडली.